प्रेमनगरातला समुद्र

झाशी शहराचा समुद्राशी असलेला संबंध एका पिवळ्या पाटीपुरता आहे. हिंदुस्थानातील कोणत्याही रेल्वेस्थानकावर फलाटाच्या टोकाशी जी पाटी उभी असते, तिच्यावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याची रीत आहे. झाशीची उंची अडीचशे मीटरांहून अधिक भरते. अलीकडे स्थानकाचे नाव बदलून 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' असे झाले, पाट्या नव्याने रंगल्या, पण समुद्र होता तेथेच राहिला. रुळांच्या वाटेने मोजले तर मुंबईचा किनारा येथून सुमारे ११०० किलोमीटरांवर आहे. भोवती बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट, उन्हाळ्यात लू आणि बाराही महिने पाण्याची विवंचना. अशा ठिकाणी कोणी समुद्र पाळतो असे म्हटले, तर ऐकणारा आमच्या प्रकृतीची चौकशी करील. तथापि प्रेमनगरात, १८९५ सालच्या रेल्वे कारखान्याच्या आसमंतात, आमच्या भाड्याच्या घराच्या पुढील खोलीत दोनशे लिटरांचा एक समुद्र गेली काही वर्षे नांदतो आहे, ही गोष्ट खरी आहे.

या समुद्राची प्रजा मोठी नाही. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले विदूषक माशांचे एक जोडपे, चार शंखवासी गोगलगायी आणि भोके पडलेल्या कोरड्या दगडांची एक रास, एवढेच. हे मासे समुद्रातून धरून आणलेले नाहीत. विदूषक मासा बंदिस्त टाक्यांत वाढवण्याची विद्या आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साध्य केली आहे आणि आमचे जोडपेही उबवणीत जन्मलेलेच आहे. जिवंत प्रवाळ मात्र आमच्या टाकीत नाही. परदेशी मासिकांतील चित्रे पाहून आमच्या कन्येने त्याचा हट्ट धरला होता; परंतु खडक घडवणारी प्रवाळे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसली. सरकारी नोकराने घरात वाघ बाळगू नये, हे तिला पटले. प्रवाळाशिवायची ही प्रवाळटाकी आम्ही गोड मानून घेतली आहे.

प्रश्न उरला पाण्याचा. खाऱ्या पाण्याच्या टाक्या पाळणाऱ्या लोकांत याबाबत दोन पंथ आहेत आणि त्यांचे वैर शैव-वैष्णवांच्या वैरासारखे पुरातन आहे. एक म्हणतो, समुद्राच्या जीवाला समुद्राचेच पाणी हवे; ते किनाऱ्यावरून आणावे. दुसरा म्हणतो, शुद्ध गोड्या पाण्यात क्षारांचे मिश्रण विरघळवावे. मासे उत्पत्ती विचारत नाहीत. पहिल्या पंथाचे आमच्या घरातील आचार्य म्हणजे आमचे तीर्थरूप. आबा मालवणास राहतात. घराच्या पडवीतून सिंधुदुर्गाचा तट दिसतो. त्या किल्ल्याच्या भोवतालच्या खडकांत प्रवाळ आहे आणि १९८७ साली तेथील समुद्राचा एक पट्टा सागरी अभयारण्य म्हणून राखून ठेवला गेला, हे ते आम्हांला अशा स्वरात सांगतात, की जणू ती अधिसूचना त्यांच्याच सहीने निघाली. टाकीची वार्ता कळताच त्यांचे दूरध्वनीवरून पहिले उद्गार निघाले ते असे: "दर्याचो मासो आणि नळाचा पाणी? जगतलो कसो?"

आबांच्या पक्षाला इतिहासाचा आधार नाही असे नाही. पाणी वाहून नेणे हा आपल्या लोकांचा जुना संस्कार आहे. पेण जवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ साली झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटीतून आणि वणव्यातून जिवानिशी सुटले आणि इतके सोसूनही परतताना गंगेची कावड घेऊन घरी गेले. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. 'माझा प्रवास' वाचताना आम्हांला झाशीच्या लढाईपेक्षाही त्या कावडीचा प्रवास अधिक विलक्षण वाटतो. शास्त्राचा आधारही या पंथाला आहे. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत मासिकातून जगापुढे मांडली: समुद्राचे पाणी, समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचा एक बारीक बुडबुडा, बाकी यंत्रे नकोत. आजच्या साऱ्या प्रवाळटाक्यांच्या विचाराचे बीज त्या साध्या टाकीत आहे. पण ते ज्या बेटावर राहत होते त्याच्या भोवती समुद्र होता, आणि त्यांना कावड उचलावी लागत नव्हती.

कावडीचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. कारकुनाचा पिंड हिशेबापाशी येऊन थांबल्याशिवाय राहत नाही. टाकीतले पाणी पंधरवड्याला वीस लिटर बदलावे लागते. वर्षाला ते ५२० लिटर होते. खारे पाणी गोड्यापेक्षा जड असल्यामुळे त्याचे वजन ५३० किलोंच्या वर जाते. याच ५२० लिटरांतले क्षार तेवढे वेगळे काढले, तर लिटरास ३५ ग्रॅम या हिशेबाने ते १८ किलोंच्या आसपास भरतात. म्हणजे किनाऱ्याहून समुद्र आणणारा माणूस दर तीस भागांतले एकोणतीस भाग ओझे निव्वळ पाण्याचे वाहतो.

हा हिशेब आम्ही आबांना कळवला. हिशेबाने ज्यांचे समाधान होईल अशांपैकी आबा नव्हेत. त्या वर्षी नवरात्र आटोपल्यावर आमचे एक चुलतबंधू उत्तरेकडे यायला निघाले, त्यांच्याबरोबर आबांनी वीस-वीस लिटरांचे दोन डबे पाठवले. तोंडे मेणाने बंद केली होती. मजल दरमजल करीत, कोकण रेल्वेचे बोगदे, घाट आणि सातपुडा ओलांडून दुसऱ्या दिवशी ते पाणी झाशीस उतरले, आणि घरी डब्याचे झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा असा दर्प सुटला, की सौभाग्यवतींनी खोलीच्या दोन्ही खिडक्या उघडल्या आणि नंतर तिसरी नाही याबद्दल घरमालकास दोष दिला.

असे का झाले हे सांगण्यासारखे आहे. समुद्राचे पाणी म्हणजे केवळ पाणी आणि मीठ नव्हे. त्यात डोळ्यांना न दिसणारे वनस्पतींचे आणि प्राण्यांचे असंख्य जीव तरंगत असतात. बंद डब्यात त्यांना उजेड मिळत नाही, वारा मिळत नाही. ते मरतात, त्यांची मृत शरीरे कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणू पाण्यातल्या गंधकयुक्त क्षारांपासून तो दुर्गंधी वायू निर्माण करतात. गंगाजल वर्षानुवर्षे टिकते अशी आपली श्रद्धा आहे. समुद्र मात्र जितका अधिक जिवंत, तितका प्रवासात लवकर नासतो.

आणखी एक गोष्ट मोजमापात आढळली. उघड्या समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ किंवा १.०२६ असते, डब्यातल्या पाण्याचे १.०२१ भरले. मालवणाला लागून कोळंबची खाडी आहे आणि पावसाळ्यात सगळ्या कोकणाचे गोडे पाणी किनाऱ्याशी येऊन मिसळते. आश्विनात भरलेल्या पाण्यात त्या पावसाचा अंश होता. किनाऱ्याचा समुद्र ऋतूप्रमाणे बदलतो, शहरापाशी तर तो आणखी कशाकशाने बदलतो. 'नैसर्गिक' या शब्दात जी शुद्धता आपण गृहीत धरतो, ती किनाऱ्यापासून बरीच दूर, खोल पाण्यात राहते.

दुसऱ्या पंथाची कुळकथा लंडनमधली आहे. तेथील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले आणि घरोघरी काचेच्या पेट्या ठेवण्याचे वेड शहरात पसरले. परंतु समुद्राचे पाणी राजधानीत आणणे खर्चाचे होते. फिलिप हेन्री गॉस या प्राणिशास्त्रज्ञाने १८५४ साली साधे मीठ, एप्सम क्षार, मॅग्नेशियमचा आणि पोटॅशियमचा क्लोराइड एवढ्या चार वस्तू पाण्यात मिसळून कृत्रिम समुद्र तयार केला. चुन्याचे क्षार त्याने वगळले. त्या पाण्यात त्याने आधी समुद्रशैवाले सोडली आणि नंतर प्राणी, ते जगले. भिन्नभिन्न समुद्रांचे पाणी मुळात एकच आहे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यानंतर तीस वर्षांनी मिळाले. 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात साऱ्या महासागरांतून आणलेल्या पाण्यापैकी ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: क्षारांचे एकूण प्रमाण जागोजागी कमीअधिक असेल, परंतु मुख्य क्षारांचे परस्परांशी असलेले प्रमाण सर्व महासागरांत जवळजवळ सारखेच आहे. एक किलो समुद्रजलात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड, पावणेअकरा ग्रॅम सोडियम, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट, सव्वा ग्रॅमहून थोडे अधिक मॅग्नेशियम आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम. समुद्राची ओळख मिठात नाही, या प्रमाणात आहे.

हे आबांना सांगितल्यावर त्यांनी दुसरा डाव टाकला. मिठाचेच ओझे वाहायचे असेल, तर शिरोड्याचे मीठ पाठवतो, म्हणाले. १९३० साली जेथे मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडे. तेथील मीठ म्हणजे समुद्रच की, फक्त वाळवलेला! ही कल्पना आम्हांलाही क्षणभर मोहक वाटली, पण मिठागराचे रसायन तिच्या आड येते. खाजणात पाणी आटू लागले की सर्वांत आधी चुनखडी तळाशी बसते, मागाहून जिप्सम, त्यानंतर मीठ धरते. आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडू पाण्यातच राहतात, ते मिठागरकरी सोडून देतो. म्हणून समुद्र आटवून जे मीठ मिळते, ते पुन्हा पाण्यात विरघळवले तरी समुद्र होत नाही. वाळवण्यात जे गळून गेले, ते भिजवल्याने परत येत नाही.

म्हणून आम्ही मिश्रणाकडे वळलो. विधी सोपा आहे, पण त्यात आळस चालत नाही. प्रेमनगरचे पाणी जड. किटलीच्या बुडाशी महिनाभरात पांढरे कवच धरते. तसले पाणी घेतले तर मिश्रणाचे प्रमाण पहिल्याच पावलाला चुकेल. म्हणून ते आर. ओ. यंत्रातून आणि पुढे रेझिनच्या नळीतून काढून निःक्षार करावे लागते. वीस लिटरांच्या बादलीत ते पाणी घ्यावे, पंपाने घुसळत ठेवावे आणि त्यात सुमारे सातशे ग्रॅम मिश्रण थोडेथोडे सोडावे. पाण्यात क्षार, क्षारावर पाणी नव्हे. कारण थोड्या पाण्यात दाट द्रावण झाले, की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांस भेटून खडूच्या रूपाने तळाशी बसतात आणि पाणी दुधाळ होते. मग ते एक दिवस वाऱ्यावर घुसळत राहू द्यावे, गुरुत्व मोजावे, टाकीच्या पाण्याइतके कोमट करावे आणि मगच आत सोडावे. एवढे केल्यावर जे मिळते त्यात समुद्राचे सारे क्षार असतात आणि समुद्राचा एकही जीव नसतो.

ते निर्जीव पाणी सजीव व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया विषारी असतो. त्याचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू दगडांच्या भोकांत वस्तीला येईपर्यंत टाकी रिकामी ठेवावी लागते. आमच्या दगडांवर त्यांनी हळूहळू घर केले. बाहेरून आणलेल्या समुद्रात जीव आधी असतो आणि प्रवासात मरतो. घरी कालवलेल्या समुद्रात तो मागाहून येतो आणि आला की टिकतो. झाशीत मराठी माणसाचेही असेच काही झाले असावे. नेवाळकर रत्नागिरीकडचे, त्यांच्यामागून आलेली मंडळी येथल्या पाण्यात विरघळली, बुंदेली ढंगाचे मराठी बोलू लागली, आणि ज्या गणेशमंदिरात लक्ष्मीबाईंचे लग्न लागले तेथे आजही गणपती बसतो. ते मराठी पुण्यास चालणार नाही. झाशीस ते पिढ्यान् पिढ्या चालले आहे.

एवढ्यावर लेख आटोपता आला असता, पण आबांनी एक प्रश्न विचारला त्याचे उत्तर आम्हांपाशी नाही. "गोड्या पाण्याच्या दुष्काळात गोडा पाणी खारा करतंस?" बुंदेलखंडात हा प्रश्न विनोदाचा नाही. उन्हाळ्यात येथल्या गल्ल्यांतून टँकर येतात आणि त्यांच्यामागे बादल्यांची रांग लागते. आमचे यंत्र जेवढे पाणी शुद्ध करते त्याहून अधिक टाकून देते. ते आम्ही फरशीला आणि संडासाला वापरतो, तरी त्याचा जमाखर्च मनात बरोबर जुळत नाही. शिवाय मे महिन्यात पाणी थंड ठेवण्यासाठी टाकीवर पंखा लावला, की दिवसाला तीन-चार लिटर पाणी उडून जाते. मीठ उडत नाही, म्हणून ती तूट गोड्या पाण्यानेच भरावी लागते. किनाऱ्यावरच्या माणसाला हा भार नसतो. त्याचा समुद्र कोणाच्या तोंडचे पाणी काढून घेत नाही. म्हणून मोठी टाकी घेण्याचा कन्येचा प्रस्ताव आम्ही दोनदा नामंजूर केला, आणि पंधरवड्याचे वीस लिटर ही मर्यादा घरातल्या कायद्यासारखी पाळतो.

आता आबांविषयी. आई गेल्यापासून ते मालवणच्या घरी एकटे असतात. त्यांनी झाशीस येऊन राहावे असा आमचा आग्रह आणि न येण्याचा त्यांचा हट्ट, ही दोन्ही गेली चार वर्षे चालू आहेत. बदलीच्या नोकरीत असलेल्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हा पत्रव्यवहार चालू असेल. त्यात कोणाचीच बाजू खोटी नसते आणि फाइल कधी बंद होत नाही. पाण्याचा वाद जसजसा रंगत गेला तसतसे आमच्या ध्यानात आले, की आबा बोलतात ते केवळ पाण्याविषयी नव्हे. डब्यांतले पाणी नासल्याचे कळवले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दर्याचा पाणी थंय टिकला नाय, मग मी थंय कसो टिकतलंय?"

या प्रश्नाला मात्र आम्हांपाशी उत्तर होते. ते नासलेले पाणी आम्ही फेकून दिले नव्हते. दोन्ही डबे उघड्या पिंपात ओतून, पिंप काळोख्या खोलीत झाकून ठेवले होते आणि आत हवेची नळी अहोरात्र सोडली होती. तीन आठवड्यांत दुर्गंध गेला, मेलेले सारे तळाशी बसले आणि वर जे राहिले ते काचेसारखे नितळ होते. जुने प्रवाळपाळे लोक हेच करीत आले आहेत: समुद्राचे पाणी आणल्याबरोबर वापरू नये, त्याला काही आठवडे काळोखात निवू द्यावे. त्यात थोडे मिश्रण घालून गुरुत्व वर आणले, तपासले आणि दोन पंधरवड्यांत टाकीत सोडले. माशांनी कसलीही तक्रार केली नाही. आम्ही आबांना लिहिले, की मालवणचे पाणी झाशीस टिकले आहे. त्याला फक्त थोडा वेळ आणि वारा द्यावा लागला.

पत्राचे उत्तर आले नाही. मार्गशीर्षात आबा स्वतःच आले. पहिल्या दिवशी टाकीपुढे खुर्ची ओढून बसले, बोट पाण्यात बुडवले आणि जिभेला लावले. म्हणाले, "खारा आसा. पण वास नाय." त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते, किनाऱ्याचा तो वास शैवालांच्या आणि सूक्ष्म जीवांच्या उलाढालींतून येतो, पिशवीतल्या क्षारांतून नव्हे. आम्ही प्रतिवाद केला नाही.

तेव्हापासून टाकीची राखण त्यांच्याकडे आहे. काचेवर पाण्याच्या पातळीची एक रेघ ओढली आहे. सकाळी उठून ते तिच्यापर्यंत गोडे पाणी भरतात, त्यात थेंबाची चूक होत नाही. दगडांच्या एका कडेला गेल्या महिन्यात गुलाबी कवच धरू लागले. पाण्यातला चुना घेऊन दगडावर पसरणारे ते एक शैवाल आहे आणि पाणी निरोगी असल्याशिवाय ते वाढत नाही. ते दुकानातून आलेल्या गोगलगायींच्या शंखावरून आले, की मालवणच्या डब्यातून, हे सांगता येणार नाही. आबांच्या मते तो प्रश्नच उद्भवत नाही. नातीला जवळ बोलावून ते तिला तो डाग दाखवतात, "ह्या आमच्या किल्ल्याकडचा," असे सांगतात, आणि ती पोर आता हिंदी विसरून त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत वाद घालते.

त्यांचे परतीचे आरक्षण शिमग्याच्या आधीचे आहे. ते रद्द करण्याविषयी आम्ही अजून विषय काढलेला नाही. परवा त्यांनी स्वतःच विचारले, की उन्हाळ्यात पंखा लावल्यावर पाणी रोज नेमके किती उडते.